पिस्तुलाच्या परवान्यात एकच जागा उरलीय: शोकेसला द्यायची की रेंजला?

हिंदू कॉलनी
काल 'बोअर बत्तीस' यांनी इथे जे ज्ञान वाटलं ते वाचता वाचता चहा गार झाला. ज्यांचं हुकलं त्यांच्यासाठी सारांश: "संग्रहात नवीन सेमी-ऑटो घालायचं तर जुनं विदेशी .३२च घ्यावं, शक्यतो जर्मन वॉल्थरचं पीपीके. अशनि, म्हणजे देशी .३२, घेणं म्हणजे सोनाराकडे जाऊन पितळ मागणं. आणि .२२ म्हणजे पोरखेळ."

आधी एक सांगा, संग्रह कसला? डिसेंबर २०१९ पासून कायद्यानं माणशी दोनच हत्यारं. दोन नगांना संग्रह म्हणायचं तर माझ्या दारात चपलांचं म्युझियम आहे.

माझ्या दोनातली एक जागा आजोबांच्या वेब्ली अँड स्कॉटनं धरलीय. .३२, १९०८चं मॉडेल. लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी १९११ मध्ये हेच घेतलं होतं, हे आजोबा प्रत्येक पाहुण्याला सांगायचे, पाहुणा भटजी असला तरी. उजवीकडची ग्रिप काढली की आत व्हीच्या आकाराची स्प्रिंग दिसते. ती बघितली की मलाही भरून येतं, नाही असं नाही. पण गेल्या सहा वर्षांत त्यातून गोळ्या किती सुटल्या? अकरा. म्हणजे दसऱ्याला पूजेत मांडायला एक आहे. दुसरंही पूजेतच मांडायचं?

पीपीके १९३१चं. सात गोळ्या, आणि डबल ॲक्शनची, म्हणजे ट्रिगरनंच घोडा उचलायची, पहिली ओढ इतकी जड की नेम धरलेला असतो एकीकडे आणि गोळी जाते शेजाऱ्याच्या टार्गेटवर. आयात ऐंशीच्या दशकाच्या मधोमध बंद झाली, त्यामुळे इथं फिरतात ते बहुतेक त्याआधी आलेले नग. दुकानदार लाखांतच बोलतो. यात जर्मन कारागिरीची किंमत किती आणि आपल्या आयात धोरणाची किती, ते साहेबांनी सांगावं.

माझं जवळजवळ ठरलंय. वॉल्थरच, पण जीएसपी. .२२, पाच गोळ्या, मॅगझीन ट्रिगरच्या पुढे. दिसायला भांडं काढून ठेवलेल्या मिक्सरसारखं. पण दर रविवारी वरळीच्या रेंजवर जाऊन पन्नास गोळ्या झाडता येतील. जे चालवायचं नाही ते घ्यायचं कशाला?

बोअर बत्तीस
चहा गार आणि डोकं गरम, असं दिसतंय. मुद्द्यावर येतो.

तुमचा परवाना स्वसंरक्षणासाठीचा आहे ना? मग टार्गेट पिस्तूल कुठल्या तोंडानं मागणार? नवीन .२२ बाहेरून आणायचं तर रिनाउन्ड शॉट किंवा ॲस्पायरिंग शूटरचा, म्हणजे नेमबाज खेळाडू असल्याचा, कागद लागतो. रविवारी वरळीला जाऊन वडापाव खाल्ल्यानं तो मिळत नाही. म्हणजे तुम्हीही जुनंच, कुणीतरी वापरून सोडलेलं घेणार. मग माझ्या जुन्यालाच नावं का?

माझे वडील झवेरी बाजारात होते. रात्री पेढी बंद करून चर्नी रोडपर्यंत चालत यायचे, कमरेला .३२. आयुष्यात एकदाही काढावं लागलं नाही. पण ते गेल्यावर मी ते हातात घेतलं तेव्हा ग्रिपवर त्यांच्या अंगठ्याची जागा गुळगुळीत झालेली होती. असली गोष्ट तुमच्या मिक्सरला सापडणार नाही. मी त्यालाच संग्रह म्हणतो, नग एक असो की दहा.

आणि अशनिबद्दल जे बोललो ते मागे घेत नाही.

८:१२ अंबरनाथ
तुमचं चालू द्या. पण या शहरात पिस्तूल लागतं कशाला? आमच्या डब्यात छत्री उघडायची सोय नाही.

गिरगावचा मोठा मुलगा
वॉल्थर घ्या, अशनि घ्या, नाहीतर दिवाळीची टिकली घ्या. निवडणूक आली की ते पोलीस ठाण्यात जाणार, तुम्ही हात हलवत घरी.

२०२४ आठवा. १६ मार्चला आचारसंहिता लागली. चार दिवसांत फोन, "जमा करा." केलं. २० मेला मुंबईत मतदान, ४ जूनला निकाल. मी पावती घेऊन गेलो तर साहेब बंदोबस्तात. पुन्हा गेलो, मुद्देमालाची किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. तिसऱ्या खेपेला मिळालं तोवर पावसानं जोर धरलेला. प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर, आत होल्स्टर, होल्स्टरमध्ये पिस्तूल. घरी येऊन स्लाइड मागे ओढली तर रवाळ आवाज आला, तव्यावर उलथनं घासावं तसा. ब्लूइंगवर, म्हणजे पोलादाच्या काळसर निळ्या थरावर, भगवे ठिपके. बॅरलच्या तोंडाशी तर गंजाची मिशीच फुटली होती. वडिलांनी चाळीस वर्षं जपलं, तीन महिन्यांत ही अवस्था! आणि लगेच १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता. पुन्हा तेच फडकं, तेच ठाणं, तीच पावती.

कुठलं घ्यायचं ते सोडा. ठेवायचं कुठं, हा खरा प्रश्न आहे.

बोअर बत्तीस
होल्स्टरसकट दिलंत? कातडं ओल धरून ठेवतं हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. चूक तुमची.

गिरगावचा मोठा मुलगा
वा! सामान त्यांच्या ताब्यात, चूक माझी. उद्या बँकेच्या लॉकरला वाळवी लागली तर दागिने घालून का झोपला नाहीत, असं विचाराल.

निवृत्त अव्वल कारकून
सरसकट सगळ्यांनी जमा करावं असा नियम नाही. छाननी समिती बसते, कुणाकडून जमा करून घ्यायचं ते ती ठरवते. कारण देऊन अर्ज करता येतो. तुम्ही केला होतात?

गिरगावचा मोठा मुलगा
केला होता. त्याचं उत्तर अजून यायचंय. समिती कागदावर असते साहेब, फोन मात्र खराखुरा येतो. तुम्ही टेबलाच्या त्या बाजूला होतात, तुम्हाला कसं कळणार?

निवृत्त अव्वल कारकून
मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलोय. आमची तीन होती: वडिलांची बारा बोअर, काकांची रायफल आणि माझं रिव्हॉल्वर. सरकार तर एकावरच आणणार होतं, मूळ विधेयकात एकच होतं. बोंबाबोंब झाली म्हणून दोन. तिसरं जमा करायला वर्षाची मुदत. बारा बोअर द्यायला मीच गेलो. समोरच्या पोरानं नळी उघडून आत बघितलं आणि म्हणाला, "काका, हे चालतं का अजून?" मी काही बोललो नाही. त्यामुळे ज्यांची एक जागा अजून मोकळी आहे त्यांनी फार रडू नये, ही विनंती.

पंचवीस मीटर
मी मूळची कोल्हापूरची, आता अंधेरीत. मला निवडणुकीत सूट मिळाली होती, रायफल असोसिएशनची सदस्य आणि स्पर्धा खेळते म्हणून. आता शिव्या घाला.

पण मूळ प्रश्नाचं उत्तर इथे कुणीच दिलं नाही. हिंदू कॉलनी दादा, रविवारी पन्नास गोळ्या म्हणजे पंगतीला जाऊन कोशिंबीर चाटून उठणं. आमच्या पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात तीस गोळ्या सावकाश, तीस जलद. जलदमध्ये सात सेकंद लाल दिवा, हात खाली पंचेचाळीस अंशांत. मग तीन सेकंद हिरवा, तेवढ्यात हात वर, नेम, एकच गोळी. दहाचं वर्तुळ पन्नास मिलीमीटरचं असतं सावकाशला, जलदचं मोठं. पहिले सहा महिने माझा दंड रात्री उशीवर ठेवला तरी थरथरायचा. २०१८च्या एशियाडला राही सरनोबतनं पालेम्बांगमध्ये सुवर्ण घेतलं ते याच प्रकारात. तेव्हा .२२ला पोरखेळ म्हणणाऱ्यांनी एकदा तीन सेकंदांत हात वर करून दाखवावा. पिस्तूल नको, पाण्याची बाटली धरून केलं तरी चालेल.

जीएसपी मी क्लबचं दोन वर्षं चालवलंय. पिस्तूल सोन्यासारखं. पण जुना नग घ्यायचा तर तीन गोष्टी बघा. मॅगझीन किती देतायत, कारण सुटं मॅगझीन शोधताना जोडे झिजतात. ग्रिप तुमच्या पंजाची आहे का, कारण टार्गेटची लाकडी ग्रिप एकाच्या हाताला कोरलेली असते, दुसऱ्याला ती दुसऱ्याच्या कवळीसारखी बसते. आणि विकणाऱ्याला ते तुमच्या प्रकारच्या परवान्यावर रीतसर विकता येतं का, हे दुकानदाराकडून लेखी घ्या. बयाणा नंतर.

नाहीतर सरळ दहा मीटरचं एअर पिस्तूल घ्या. वीस जूलच्या आतल्या जोराच्या .१७७ छर्ऱ्याच्या पिस्तुलाला परवाना लागत नाही, तुमची जागाही मोकळी राहते. निवडणुकीत कुणी फोन करत नाही.

हिंदू कॉलनी
ताई, ग्रिपचं डोक्यातच आलं नव्हतं. जे पिस्तूल बघून आलोय त्याचा मालक डावखुरा निघाला. दुकानदार हे बोलला नाही, मीही धरून बघितलं नाही. हातात घेतलं आणि फोटो काढले, बास.

एअर पिस्तूल मात्र नको. प्रत्येक गोळीला हातानं भरायचं, त्यापेक्षा कॅरम बरा.

पंचवीस मीटर
मनू भाकरनं पॅरिसला दोन कांस्य घेतली, दोन्ही एअर पिस्तूलवर. कॅरम खेळा तुम्ही.

बोअर बत्तीस
म्हणजे जे चालवायचं नाही ते घ्यायचं कशाला, असं मला विचारणारा माणूस डावखुऱ्याचं पिस्तूल उजव्या हातासाठी घेत होता. देवा!

ताईंपुढे .२२बद्दलचा शब्द मागे. बाटली धरून केलं आत्ता गॅलरीत. दहाव्याला खांदा गेला, बायकोनं विचारलं झाडांना पाणी घालताय का. पण पीपीकेबद्दल एक शब्द मागे घेणार नाही.

काडतूस मोजणारा
.३२वाल्यांनी एवढं लक्षात ठेवा, ब्राउनिंगचं १८९९चं काडतूस आहे, तळाला अर्धी कडा असते. मॅगझीन भरताना वरच्या गोळीची कडा खालच्या गोळीच्या कडेमागे गेली की अडकलंच, मग पीपीके असो की अशनि. "माल खराब" म्हणून दुकानदाराशी भांडणारे निम्मे लोक भरतानाच चुकतात. मीही त्या निम्म्यातलाच होतो, पाच वर्षं. आणि अशनिला पितळ म्हणणाऱ्यांना विचारतो, वडिलांचं पिस्तूल नसतं आणि खिशात दोन-अडीच लाखच असते तर काय घेतलं असतं? नवा नग, नवी स्प्रिंग, कारखाना देशातच. मला तरी तेच परवडलं.

बोअर बत्तीस
परवडलं हा शब्द आधी वापरला असतात तर मी काही बोललो नसतो. चांगलं म्हणू नका.

काडतूस मोजणारा
नाही म्हणत. चालतं म्हणतो. तुमचं चालतं का?

बोअर बत्तीस
…

८:१२ अंबरनाथ
हा प्रश्न मलाही आवडला.

गिरगावचा मोठा मुलगा
ते सगळं ठीक, पण गंजाचं कुणीच बोलत नाही. पुढच्या वेळी जमा करताना काय लावून देऊ? एकानं खोबरेल सांगितलं होतं, लावलं. जानेवारीत स्लाइड हलेना, आत पांढरं गोठलेलं, नारळाची वडी थापल्यासारखं.

निवृत्त अव्वल कारकून
खोबरेल?! अहो, शिवणयंत्राचं तेल लावा. आणि होल्स्टर घरी ठेवा.

पंचवीस मीटर
शिवणयंत्राचं उडून जातं आठवड्यात. गन ऑइल आणा, पातळ हात द्या, वरून मेणकापड. पिशवीला रबर लावू देऊ नका.

निवृत्त अव्वल कारकून
आमच्या बारा बोअरला पन्नास वर्षं शिवणयंत्राचंच होतं.

गिरगावचा मोठा मुलगा
मेणकापड कुठे मिळतं आता? मंगलदास मार्केट?