टेनिस खेळणारा डच राजनैतिक अधिकारी : चरित्र लिहायचंय, मदत हवी

दांडियाबाजारकर
नमस्कार मंडळी. वडोदऱ्यातल्या आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख कबूल केलाय, विषय मीच सुचवला, आधी टेनिस गाजवून पुढे परराष्ट्र खात्यात गेलेली माणसं. स्वीडनचा वॉल्मार बोस्ट्रम लगेच सापडला, 1908 च्या लंडन ऑलिंपिकला सेटरवॉलबरोबर इनडोअर डबल्सचं ब्राँझ, आणि मग 1925 ते 1945 वॉशिंग्टनला स्वीडनचा प्रतिनिधी, काय आयुष्य आहे! पण एका डच खेळाडूपाशी गाडी अडकलीय. जुन्या निकालात त्याचं नाव येतं ते 'योंकहेर एम आर व्हान अमुक' असं. एम आर म्हणजे मार्टिन, मॉरिट्स, काय धरू? पंधरा दिवस झाले शोधतोय. आणि वकिलातीची नोकरी सांभाळून हे लोक स्पर्धा खेळायचे तरी कधी?

पाणकणीस
दादा, एम आर हे नाव नाहीच! मी सहा वर्षं हेगला होते म्हणून सांगते, डचमध्ये ते 'मेस्टर'चं छोटं रूप, म्हणजे कायद्याची पदवी घेतलेला. योंकहेर म्हणजे सरदार घराण्यातला, पण काउंट, बॅरन असा किताब नसलेला. आपल्या जुन्या पत्रांवर 'रा. रा.' असायचं ना, राजमान्य राजश्री, ते आद्याक्षरं समजून कोणी रामचंद्र रघुनाथ शोधत बसला तर काय होईल, तसंच झालंय हे.
दुसरं, यादीत 'व्हान'खाली बघू नका. तिकडे व्हान मागे टाकतात, म्हणजे टेनिसवाले व्हान लेनेप सापडतात ते एल अक्षरात. त्यांच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं डेल्फर आहे, जुनी वर्तमानपत्रं फुकट वाचता येतात, तिथे नुसतं आडनाव आणि सोबत 'गेझांत' हा शब्द टाका. त्या काळी राजदूत फार थोडे असायचे, बहुतेक ठिकाणी वकिलातीचा प्रमुख गेझांतच.

राजमहालरोड
कधी खेळायचे याचं उत्तर मला वाटतं पैशात आहे. 1968 पर्यंत मोठ्या स्पर्धांत हौशी लोकच खेळायचे, बक्षिसाची रक्कम नाही, म्हणजे ज्याच्या घरी आहे आणि ज्याला रजा मिळते तोच खेळणार, आणि वकिलातीत भरती व्हायची तीही अशाच घरांतून. डच टेनिस संघटना 1899 ची, त्याच वर्षी हेगला पहिली शांतता परिषद भरली, म्हणजे ही दोन्ही जगं एकाच काळात शेजारी शेजारी होती.
माझ्या वडिलांची लाकडी रॅकेट अजून माळ्यावर आहे, चार स्क्रूच्या प्रेसमध्ये आवळलेली. पावसाळ्यात ओल लागली की तात ढिली पडायची, वडील रोज रात्री स्क्रू पिळून ठेवायचे, नाहीतर चौकट वाकडी. अशी रॅकेट घेऊन बोटीने महिना महिना प्रवास करून बदलीच्या गावी जायचं, हे मला फार मोठं वाटतं, लेखात हे जरूर येऊ द्या.
एक युक्ती सांगतो. निकालांत त्याची कोणती वर्षं रिकामी आहेत ते काढा आणि नेमणुकीच्या तारखांशी लावून बघा, बऱ्याचदा बदली तिथेच सापडते. मात्र 1915 ते 1918 मोजू नका, विंबल्डनच झालं नव्हतं. आणि 1928 ला ऑलिंपिक ॲम्स्टरडॅमला होतं तरी हा घरच्या मैदानावर का नाही खेळला असं लिहून बसू नका, 1924 नंतर टेनिस थेट 1988 लाच ऑलिंपिकमध्ये पदकांसाठी परत आलं.

दांडियाबाजारकर
ताई, काका, मनापासून आभार. आमच्याकडे पणजोबांचे मोडीतले कागद आहेत, प्रत्येकावर रा. रा. आहेच, लेखाची सुरुवात आता तिथूनच करतो. एम आर सोडून नुसत्या आडनावाने शोधलं तर काल रात्रीत चार बातम्या निघाल्या, दोन सामन्यांच्या आणि दोन नेमणुकीच्या, डच येत नाही म्हणून भाषांतराचं ॲप लावून एकेक ओळ वाचतोय. काका, रविवारी सकाळी घरी आलो तर त्या रॅकेटचा प्रेससकट फोटो काढू द्याल का, अंकात छापायला?