मदत हवी आहे: नकाशावर के२ला कोणतं नाव द्यावं?

काराकोरमचा मराठी नकाशा तयार होतोय आणि घोडं अडलंय ८,६११ मीटरच्या शिखराच्या नावावर.

१८५६ मध्ये ब्रिटिश सर्वेक्षक मॉन्टगोमेरीने काश्मीरच्या हरमुख पर्वतावरून, दोनशेहून अधिक किलोमीटरवरून शिखरं टिपली आणि के१, के२ असे क्रमांक दिले. के म्हणजे काराकोरम. क्रमांक उंचीचे नाहीत, हे वाचक हमखास विसरतात. के१ म्हणजे माशरब्रुम, ७,८२१ मीटर. त्याला स्थानिक नाव होतं, ते टिकलं. के२ मात्र शेवटच्या गावातून, आस्कोलेतूनही दिसत नाही, त्यामुळे रुळलेलं नाव हाती लागलं नाही आणि तात्पुरता क्रमांकच चिकटला.

के२चं गॉडविन-ऑस्टिन हे नाव आपल्याकडे भूगोलात पाठ करून घेतात, पण रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने ते मान्य केलं नव्हतं. शिवाय पायथ्याच्या हिमनदीचं तेच नाव आजही चालू आहे. दोन्हीकडे छापलं तर शिखर कुठलं आणि हिमनदी कुठली, हा घोळ ठरलेला.

तूर्त शिखराला ठळक ‘के२’, खाली बारीक ‘छोगोरी’ (बाल्टी शब्दांवरून बनलेलं नाव) आणि हिमनदीला तिरप्या निळ्या अक्षरांत ‘गॉडविन-ऑस्टिन’ असं ठेवलंय.

बाल्टी किंवा लडाखी जाणणाऱ्यांनी सांगावं: छोगो म्हणजे मोठा, री म्हणजे डोंगर, मग ‘छोगोरी’ जोडून लिहावं की ‘छोगो री’ तोडून? आणि ‘चोगोरी’ हे रूप सरळ चूक धरायचं का?