घरी केलेल्या बिअरच्या बाटल्या फुटताहेत, तातडीने मदत हवी आहे

शिरीष_त: काल रात्री तळघरात एक बाटली फुटली, आज पहाटे दुसरी. काचा पार जिन्यापर्यंत उडाल्यात. तिसरी उघडून पाहिली तर अर्धी बिअर फेसाबरोबर छताला. टीव्हीवरच्या पाककृतींच्या कार्यक्रमात दाखवलं तसंच केलं होतं, काडीचाही फरक नाही. शनिवारी मंडळी यायची आहेत. उरलेल्या बाटल्या कशा वाचवायच्या तेवढंच सांगा.

मीठभाकर: तसंच म्हणजे कसं? आम्ही कुणी तो कार्यक्रम पाहिलेला नाही. किती लिटर, यीस्ट कुठलं, किती दिवस ठेवली, बाटलीत फेसासाठी साखर किती?

खोपोलीकर: त्याआधी परवान्याचं बघा. महाराष्ट्रात 1949च्या दारूबंदी कायद्यानुसार विनापरवाना घरी दारू करणं गुन्हा आहे, मग ती बिअर का असेना.

शिरीष_त: मी एडिसनला असतो, न्यूजर्सीत. इथे चालतं. 19 लिटर, माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या जवाचं) सिरप, पाकिटातलं यीस्ट. सातव्या दिवशी बुडबुडे थांबले, बाटल्या भरल्या. साखर प्रत्येक बाटलीत एक चमचा. आता उपाय सांगा.

कोयनाकाठ: खोपोलीकर, अमेरिकेत घरच्या बिअरला 1978च्या कायद्याने मोकळीक मिळाली. एकट्या माणसाला वर्षाला 100 गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर 200. भट्टी लावून दारू काढायला मात्र अजूनही बंदी आहे.

रानमेवा: हे सगळं फेकून द्या हो! घरच्या दारूत मिथेनॉल होतं, डोळे जातात. बातम्या वाचत नाही का?

कोयनाकाठ: ताई, बातम्यांतली माणसं जातात ती दारूत औद्योगिक मिथेनॉल मिसळल्यामुळे. माल्टच्या बिअरमध्ये डोळे जातील इतकं मिथेनॉल तयारच होत नाही. इथे धोका काचेचा आहे. भीती चुकीच्या जागी दाखवली की खऱ्या जागेकडे कुणी बघत नाही.

मीठभाकर: शिरीष, चमचा कुठला? चहाचा की पोह्याचा? हायड्रोमीटरचं, म्हणजे घनता मोजून साखर किती उरली ते दाखवणाऱ्या नळीचं, रीडिंग किती होतं?

शिरीष_त: पोह्याचा. हायड्रोमीटर घेतलेला नाही, कार्यक्रमात म्हणाले गरज नाही, बुडबुडे थांबले की झालं.

मीठभाकर: तिथेच घोटाळा आहे. बुडबुडे थांबण्याची कारणं अनेक. झाकण नीट बसलेलं नसतं, गॅस बाजूने निघतो आणि एअरलॉक (झाकणावरची बुडबुडे दाखवणारी पाण्याची नळी) गप्प बसतो. रात्री तळघर गार पडलं तरी यीस्ट मंदावतं. दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा तोच आकडा आला की मगच बाटली. 1.050 घनतेला सुरू झालेली बिअर साधारण 1.010च्या आसपास थांबते. तुमची 1.020ला असताना भरली गेली असेल तर उरलेली साखर बाटलीतच आंबून गॅस साचतोय, वर तुमचा चमचा.

दत्तू_सांगलीकर: मी बारा वर्षं करतोय, हायड्रोमीटर कधी वापरला नाही. तीन आठवडे हात लावायचा नाही, बस्स. सगळा दोष त्या कार्यक्रमातल्या बर्फाचा. पाहिलाय मी. उकळलेलं माल्टचं पाणी गार करायला बाजारातल्या बर्फाची पिशवी थेट ओतली. तासभर उकळून जे निर्जंतुक केलं त्यात न उकळलेलं पाणी घालायचं? रानटी यीस्ट शिरलं की बाटली फुटायचीच.

मीठभाकर: बर्फाचं पटलं, पण जंतुसंसर्गाला फेस यायला बहुतेक वेळा आठवडे लागतात. भरून किती दिवस झाले?

शिरीष_त: आज नववा.

मीठभाकर: मग साखरच.

पाटावरवंटा: टीव्हीवर अजून एक ठोकून सांगतात, शिजवलं की अल्कोहोल उडून जातं. 15 मिनिटं मंद आचेवर ठेवलं तरी 40 टक्के उरतं, अडीच तासांनी 5 टक्के. मुलांना वाढताना लक्षात ठेवा.

शिरीष_त: माझ्या प्रश्नाचं काय??

कोयनाकाठ: बाटल्या वाचवायचा विचार सोडा. नुसत्या हाताने उघडायला जाऊ नका. जाड कोट, चामड्याचे हातमोजे, पूर्ण डोळे झाकणारा चष्मा. आधी खोक्यांवर जाड गोधडी टाका आणि पोरांना खाली जाऊ देऊ नका. तळघर जमेल तितकं गार करा, थंडीने दाब उतरतो. दिवसभराने गोधडीखालूनच एकेक झाकण सैल करा.

दत्तू_सांगलीकर: गॅस सोडून पुन्हा झाकण लावता येतं. मी केलंय.

कोयनाकाठ: तुमच्या फुटलेल्या नव्हत्या, दत्तूभाऊ. दोन फुटल्यावर बाकीच्यांची काचही ताणलेली असते. ओतून टाका.

शिरीष_त: शिगोशीग चमचा काट्यावर ठेवून पाहिला. 13 ग्रॅम. 48 बाटल्या.

मीठभाकर: म्हणजे 624 ग्रॅम. एवढ्या बिअरला 110 ते 120 पुरते, आणि तीही थोड्या पाण्यात उकळून सगळ्या बिअरमध्ये एकत्र कालवायची, मग बाटल्या भरायच्या. तुम्ही पाचपट घातलीय.

शिरीष_त: आता खाली जातोय. चष्मा शेजाऱ्यांकडून आणला. 39 झाकणं उरलीत, बाकीची सकाळपासून गेली.

कोयनाकाठ: हातमोजे घातलेत ना? वर आलात की लगेच लिहा.