एव्हरीमॅन झोप कुणी करून बघितलीय का? सल्ला हवा (सोलापूर)

निशाचर_४१३
नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात राहतो, अमेरिकेतल्या क्लायंटचं काम घरूनच. संध्याकाळी सातला बसलो की उठायला रात्रीचे तीन. त्यात नळ चार-पाच दिवसांआड, तोही कधीकधी पहाटे पाचला. घरात आई आणि मी, त्यामुळे पाण्याला उठणं माझ्याकडेच. सलग झोप मिळतच नाही, तर मग नियोजन करूनच तुकडे पाडावेत म्हणतो. 'एव्हरीमॅन'बद्दल वाचलं: रात्री ३ तास, दिवसात २० मिनिटांच्या ३ डुलक्या, एकूण ४ तासांत भागतं म्हणे. वाचलेल्या वेळात एमपीएससी. सुरुवात कशी करू?

पूर्वभागकर
नको बे. माझ्या धाकट्या भावानं होस्टेलला असताना उबरमन केलं होतं, म्हणजे दर चार तासांनी २० मिनिटं, दिवसाला दोनच तास. गजर वाजला की उठून बंद करायचा, चपला घालायचा आणि चपलांसकट परत आडवा. विचारलं तर म्हणायचा, गजर वाजलाच नाही! शेवटी रूम पार्टनरनं गाडीची चावी काढून घेतली.

रातपाळी_सिस्टर
चावी काढून घेतली हे बरं केलं. निशाचर, गाढ झोप बहुतेक पहिल्या काही तासांत होते आणि स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढत जाते. तीन तासांत उठलात तर दुसरी बरीचशी कापली जाते, आणि वाचलेलं डोक्यात बसायला झोप लागतेच. २००३ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांना १४ दिवस रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिलं. त्यांची कामगिरी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी घसरली, पण त्यांना स्वतःला ते फारसं जाणवतच नव्हतं. म्हणून 'मला तर काही होत नाही' म्हणणाऱ्याचं मी वॉर्डात ऐकत नाही, इथेही ऐकणार नाही.

गुहेतला_माणूस
जरा अवांतर. १९३८ मध्ये क्लाइटमन नावाचे संशोधक एका तरुण सहकाऱ्यासोबत केंटकीतल्या मॅमथ गुहेत महिनाभर राहिले, २८ तासांचा दिवस जमतो का बघायला. तरुणाला जमलं. क्लाइटमन चाळिशी ओलांडलेले, त्यांच्या अंगाचं तापमान २४ तासांचाच हेका धरून बसलं. तुमचं वय किती?

निशाचर_४१३
एकतीस. म्हणजे मधेच लटकलो की.

माग_मालक
आमच्या यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या. कारागीर रातपाळीला कुरकुरत नाहीत, पाळी बदलली की कुरकुरतात. तेव्हा वेळ कुठलीही धरा, पण सुट्टीच्या दिवशीही तीच ठेवा. साडेतीन ते साडेआठ पक्की झोप, खिडकीला जाड चादर (गावात तोटा नाही!), आणि दुपारी दीड ते तीन दुसरी. मे महिन्यात ४२-४३ अंशांत तसंही त्या वेळी कोण काय करतंय? दिवसा झोपू नका सांगणारा आयुर्वेदही ग्रीष्मात सूट देतो. झाले साडेसहा तास.

रातपाळी_सिस्टर
मालकांशी सहमत, फक्त पहाटेचा तुकडा साडेनऊपर्यंत न्या. रात्री अकरानंतर चहा-कॉफी बंद. कामावरून घरी जाताना उन्हाचा चश्मा लावा हे मी रातपाळीवाल्यांना सांगते, तुम्ही घरीच आहात, तेवढं वाचलं.

पूर्वभागकर
आणि पाण्याचं काय? हौद आहे ना? मग नळाला बॉल कॉक बसव. भरला की आपोआप बंद. वरच्या टाकीची मोटार उठल्यावर लाव. पहाटे उठायचं कामच नाही.

निशाचर_४१३
अरे, हे तर सुचलंच नव्हतं. हौद आहे, पण प्रेशर इतकं कमी असतं की तोंड लावून बघावं लागतं. कमी प्रेशरला चालतो का कॉक?

माग_मालक
चालतो. पाणी वर आल्यावर तरंगणारा गोळा तो दाबतो, कमी प्रेशरला उलट नीट बंद होतो. पितळेचा घ्या, प्लास्टिकचा गोळा लवकर फुटतो. आणि अभ्यास दुपारी साडेतीन ते साडेसहा, झोपून उठल्यावर.