मदत हवी आहे: लेट्रोझोल (अंडं पिकवणारी गोळी) ७.५ मिग्रॅलाही दाद नाही, पुढे काय?

ओपीडीतली रुग्ण, मूल हवंय, पीसीओएस (हार्मोन बिघडून अंडं वेळेवर न पिकण्याचा त्रास), तिशीच्या आतली, बीएमआय ३१, पाळी दोन-तीन महिन्यांनी. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), प्रोलॅक्टिन (दुधाचं हार्मोन) नॉर्मल. एचएसजीत (गर्भनलिकांचा एक्स-रे) दोन्ही नळ्या मोकळ्या, नवऱ्याचा सीमेन रिपोर्ट चांगला. अडलंय ते ओव्ह्युलेशनवर, म्हणजे अंडं सुटण्यावर. मेटफॉर्मिन (इन्सुलिनचा परिणाम सुधारणारी गोळी) हळूहळू चढवत १५०० मिग्रॅवर आहे, मळमळ थांबली.

लेट्रोझोल पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस: आधी २.५, मग ५, मग ७.५. तरी बाराव्या दिवशी १० मिमीच्या वर एकही फॉलिकल (अंड्याची पिशवी) नाही, गर्भाशयाचं अस्तर ५ मिमीला अडकलेलं. क्लोमिफेन (अंडं पिकवणारी जुनी गोळी) सुचवू नका. २०१४ च्या ७५० जणींच्या चाचणीत मूल जन्मण्याचं प्रमाण लेट्रोझोलला २७.५ टक्के, क्लोमिफेनला १९.१, वर ते अस्तर आणखी पातळ करतं.

दोन वाटा दिसतात: लेट्रोझोल ५ मिग्रॅ सलग दहा दिवस, किंवा एफएसएच (फॉलिकल वाढवणारं इंजेक्शन) ३७.५ युनिटपासून स्टेप-अप, म्हणजे डोस पायरीपायरीने वाढवत. दुसरीत जुळ्या-तिळ्यांची धास्ती, कारण स्कॅन नेमके हवेत आणि ती येते विरारहून. आठवड्यातून दोनदाच जमेल, तेही सकाळच्या गर्दीत लोकलने. इंजेक्शनला घरी फ्रिज आहे. दुर्बिणीतून ड्रिलिंगला (अंडाशयाला बारीक छिद्रं पाडणं) घरच्यांचा नकार, आयव्हीएफ खिशाबाहेर. वजनाचं सांगून झालंय, थोडं उतरलंयही; ते सोडून बोला.

दहा दिवसांचं लेट्रोझोल देणाऱ्यांनो, पहिला स्कॅन कितव्या दिवशी ठेवता? आणि थेट एफएसएच दिलंत, तर ३७.५ वर ७ दिवस थांबता की १४, आणि किती फॉलिकल दिसले की ट्रिगर (अंडं सोडवणारं इंजेक्शन) न देता ती सायकल सोडता?