जिन्यावरची खुर्ची: तुमच्या घरी कशी आली?

रानजाई
काल शेजारच्या रो-हाऊसमध्ये दिवसभर ड्रिल चालू होतं. संध्याकाळी डोकावले तर जिन्याच्या कडेने रूळ बसवत होते, खुर्ची अजून प्लास्टिकमध्येच. आणि आमचे अण्णा (सासरे) आठवले.

नाशिकचं घर. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, बाकी सगळं वर, बाथरूमसकट. खुब्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले जिना नको. अण्णा म्हणाले, मग मी वरच राहतो. आणि राहिले की! चहा, पेपर, ताट सगळं वर. जास्वंदीला पाणी घालणारा माणूस गॅलरीतून आम्हाला सूचना द्यायला लागला. नवऱ्याने स्टेअरलिफ्टचा (जिन्याच्या कडेच्या रुळावरून वर-खाली जाणारी खुर्ची) विषय काढल्यावर म्हणे, "मला काय जत्रेतल्या पाळण्यात बसवताय?"

माप घ्यायला आलेल्या पोराने आधी टेप काढलीच नाही. अण्णांना साध्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाला, आता हात न धरता उठून दाखवा. मग गुडघा किती वाकतो ते बघितलं. पायऱ्या नंतर. मला ते फार पटलं. जिना सरळ होता हे नशीब. रूळ पायऱ्यांवरच बोल्ट केला, भिंतीला हात लागला नाही. वर पोचल्यावर सीट वळते, म्हणजे उतरताना पाय पॅसेजकडे असतात, जिन्याकडे नाही. एवढं बघून घ्याच, बाकीचे लाड नसले तरी चालतं.

अण्णा पहिल्यांदा बसले ते घरात कोणी नसताना. शेजारणीने खिडकीतून पाहिलं म्हणून कळलं :)

तुमचे अनुभव लिहा. घेतली असेल तरी, नसेल तरी.

बोरकूट
वाचतेय. आईसाठी हवीच आहे. आमचा जिना मध्ये वळतो. वळणाचा म्हटल्यावर एकदम भाव का चढतो?

पाना_पक्कड
सरळ रूळ तयार लांबीत येतो, कापून बसवतात. वळणाचा तुमच्याच जिन्याच्या मापाने कारखान्यात वाकवून घेतात, त्यामुळे पैसे दुप्पट-तिप्पट आणि थांबावंही लागतं. नंतर विकायला काढलात तर तो रूळ दुसऱ्या कुणाच्याच घरात बसत नाही. मध्ये ऐसपैस लँडिंग असेल तर दोन सरळ खुर्च्या लावता येतात, एकीतून उठून दुसरीत बसायचं. आईंना ते झेपेल का बघा, नाहीतर वाचवलेले पैसे जिन्यातच अडकले.
वजनाची मर्यादा विचारा, साधारण १२०-१४० किलो असते.

घारगे
आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही. मधेच गेली की माणूस लटकला का तिथेच?

पाना_पक्कड
नाही हो. चालते बॅटरीवर, लाइट फक्त चार्जिंगला. लाइट गेल्यावरही काही फेऱ्या आरामात होतात. चार्जिंग पॉइंट रुळाच्या टोकांना असतात. लोक खुर्ची मधेच सोडतात, मग चार्ज होत नाही आणि पीप पीप सुरू. गावाला जाताना सवयीने मेन स्विच पाडू नका.

पेठकर
धाग्याशी संबंध नाही पण लिहितो. आमच्या वाड्यातला लाकडी जिना इतका उभा आणि अरुंद की समोरून कोणी आलं तर एकाने मागे जायचं. मधोमध वरून दोर सोडलेला. आजी तो धरून शेवटपर्यंत चढली, दुसऱ्या हातात दुधाचं पातेलं. तिथे कसली खुर्ची बसवता!

घारगे
तो दोर!! आमच्या माडीला पण होता. हातांनी मळून काळा कुळकुळीत झालेला.

मनीमाऊ
आमच्याकडे लेकीने बाहुलीची वरात काढली त्यावरून. खाली बँड, म्हणजे मोठा भाऊ आणि परात. आता किल्ली काढून फ्रिजवर ठेवते.

टेम्सकाठची
इंग्लंडमधून. सासूबाई आमच्याजवळच असतात. इथे कौन्सिलला (आपली नगरपालिका म्हणा) कळवलं की ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमावीत म्हणून सोयी सुचवणारी तज्ज्ञ) घरी येऊन बघते, गरज वाटली तर डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँटचा, म्हणजे अपंगांसाठी घरात सोयी करायच्या अनुदानाचा, अर्ज करता येतो. इंग्लंडात ३०,००० पौंडांपर्यंत, पण उत्पन्न आणि बचत बघतात. ती नाही मिळाली तरी साठीपुढच्या माणसाच्या घरी बसवली तर व्हॅट २० ऐवजी ५ टक्के, आणि दीर्घ आजार किंवा अपंगत्व असेल तर शून्य. विक्रेत्याला आधी विचारा, बिल झाल्यावर नाही. सरळ जिन्याला जुनी दुरुस्त केलेलीही मिळते.
सासूबाई सध्या चालत चढतात आणि धुतलेल्या कपड्यांची बादली खुर्चीत बसवून वर पाठवतात. सर्व्हिसिंगवाला ओरडून गेला.

मनीमाऊ
बादलीला पट्टा लावतात का 😂

टेम्सकाठची
लावतात! माझ्याशी वाद घालतात, पट्टा आहे ना म्हणून.

तिसरा_मजला
आमचं प्रकरण वेगळं. जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही, जिना सगळ्यांचा. सोसायटीच्या सभेत विषय ठेवला. तळमजलेवाले म्हणाले आग लागली तर वाट अडेल. खुर्ची घडी केल्यावर किती रुंदी उरते ते टेप लावून दाखवलं. मग म्हणे विजेचं बिल कुणाच्या मीटरवर, मग म्हणे पोरं खेळतील. पुढच्या सभेत बघू, आणि ती पुढची सभा काही येईना. शेवटी बाबांना पलीकडच्या गल्लीत तळमजल्यावर भाड्याचं घर बघितलं. विरोध करणारे एक काका रोज तिथे पत्ते खेळायला येतात आता.

रानजाई
चहा देऊ नका त्यांना.

तिसरा_मजला
आई देते. वर चिवडा पण.

सांजवात
आम्ही सगळं ठरवून मग घेतली नाही. बाबांना पार्किन्सन्स आहे. बसून वर जाणं जमलं असतं, पण उठताना पाय गोठतात, आणि ती जागा नेमकी जिन्याच्या तोंडाशी. फिजिओथेरपिस्टनेच सांगितलं की त्या क्षणी शेजारी कोणी हवंच. दिवसभर कोण असणार? खालची अडगळीची खोली रिकामी केली, कमोड बसवला, भिंतीला दांड्या लावल्या. खर्च तेवढाच झाला. वरच्या खोलीत त्यांचं पुस्तकांचं कपाट आहे, हवं ते आम्ही आणून देतो. कधी कधी चुकीचंच मागतात आणि तेच वाचतात.

पेठकर
काळजी घ्या ताई. कमोडच्या दोन्ही बाजूंना दांडी लावा, एकाच बाजूला नको.

सांजवात
हो, दोन्हीकडे आहे. थँक्यू.

घारगे
उंदरांचं काय? आमच्या गाडीची वायरिंग खाल्ली मेल्यांनी.

पाना_पक्कड
वायर पाइपातून घ्या. आणि रुळावरच्या दातेरी पट्टीवर धूळ-केस साचू देऊ नका, खुर्चीचं चाक त्याच्यावरच चढतं. एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) घ्यायच्या आधी विचारा की माणूस तुमच्या गावात आहे की मुंबईहून येणार.

बोरकूट
आमच्या जिन्याच्या पहिल्या पायरीला लागून संडासाचं दार आहे. रूळ दारात येईल ना?

पाना_पक्कड
खालचं टोक घडी होणारा रूळ मिळतो. बटणाने उचलला जातो, दार मोकळं. फोटो टाका, दार उघडं ठेवून.

बोरकूट
टाकते. आत्ता आत बाबा आहेत.