ओल, ओलावा आणि वल

वर्धा:
निसर्गकवितेत पाणी म्हटलं की झरा येतो, नदी येते, नाहीतर समुद्र. मी वाढलो त्या गावातलं पाणी मातीत असायचं, त्याला आवाज नव्हता. बाबा त्याला 'ओल' म्हणत. शब्दकोशात ओल आणि ओलावा जवळपास एकच. पण आपण 'नात्यातला ओलावा' म्हणतो, 'नात्यातली ओल' कोणी म्हणत नाही. असं का?

दर्यापूर:
दादा, आमच्या वऱ्हाडीत 'वल'. मूळ संस्कृत 'आर्द्र', प्राकृतात 'ओल्ल', तिथून ओल. म्हणजे २२ जूनच्या आसपास लागणारं आर्द्रा नक्षत्र आणि वावरातली ओल एकाच कुळातल्या.

मला फरक खोलीचा वाटतो. ओल बोटभर असते, वीतभर असते, 'हातभर वल गेली' असं म्हणतात. ओलाव्याला कोणी माप लावत नाही. आमचा खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी खारट, म्हणून ओलीत नाही (इतर ठिकाणी बागायत म्हणतात ते आमचं ओलीत). पावसाळ्यात काळ्या मातीत जे मुरलं, त्यावरच हरभरा येतो. वरची माती भेगाळली तरी मुळं ओलीमागे खाली जातात. माय दसऱ्याच्या सुमारास वावरात बसायची, माती उकरून मुठीत दाबायची आणि गोळा धरला की म्हणायची, "हाये वल."

भाऊ गेला तेव्हा ती रडली नाही. सोयऱ्यांना ती कोरडी वाटली. दोन वर्षांनी पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळताना तिचा हात थांबला, अन् डोयातून पानी वाहू लागलं. त्या बैलाचा कासरा भावाच्या हातात असायचा. तिच्याबद्दल लिहिताना मी 'ओलावा' लिहूच शकत नाही. ती ओल होती.

वर्धा:
ताई, हे मी कवितेत शोधत होतो. एक भर घालतो: भिंतीला येते तीही ओलच, पण ती घर पोखरते. मुरलेलं पाणी कुठे आहे, त्यावर सगळं.

भंडारा:
आमच्या धानाच्या बांधीत पाणी डोळ्यांसमोर उभं असतं, बोडीतही (लहान तळ्यातही) दिसतं. रोवणीच्या (भातलावणीच्या) दिवसांत ओल हा शब्द तोंडी येतच नाही, चिखल येतो. ओल हा शब्द येतो धान निसवल्यावर, म्हणजे लोंब्या बाहेर आल्यावर. पीक उभं असतानाच त्यात लाखोळीचं (एका कडधान्याचं) बी फेकतात, आणि तेव्हा म्हातारी माणसं बांधीत पाय रोवून बघतात, ओल किती उरली.